आवाज जरा कमी

इलेक्ट्रिक गिटार हे वाद्य आपल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटसाठीच काढलेलं असावं. प्लग लावला नाही तर तिचा आवाज शेजारच्या खोलीतसुद्धा जात नाही. तिला पोटच नसतं, नुसतं भरीव लाकूड. पोलादी तारांखाली चुंबक, त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की वेढ्यांत इवलासा प्रवाह उठतो आणि पुढचा सगळा पराक्रम अॅम्पचा. म्हणून घरची मंडळी झोपल्यावर, जेवणाचं टेबल आवरून, हेडफोन लावून माणूस निवांत वाजवत बसू शकतो. त्याच्या कानात स्टेडियम दणाणत असतं आणि पाणी प्यायला उठलेल्या बायकोला ऐकू येतं ते फक्त टिकटिक. हौशी गिटारवाल्यांच्या कित्येक बायकांनी नवऱ्याचं वादन वर्षानुवर्षं एवढंच ऐकलेलं आहे. तरी त्या चारचौघांत ‘छान वाजवतो’ असं सांगतात, याला संसार म्हणतात.

असे दोन गिटारवाले भेटले की वाजवण्याबद्दल फारसं बोलत नाहीत. बोलतात ते सामानाबद्दल. नऊची तार बरी की दहाची? (नऊ म्हणजे इंचाच्या हजारांश भागात मोजलेली पहिल्या तारेची जाडी. या फरकावर चहाचे तीन कप सहज रिचतात.) मुंबईच्या दमटपणात तारा किती दिवसांत गंजतात? पेडल घ्यायचं तर कुठलं? आमच्या बँडमध्ये एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या पायाशी इतकी पेडलं असतात, की दवाखान्यातल्या खुर्चीचं पेडल त्यांना पोरखेळ वाटत असणार. रियाजाला वेळ नसला की माणूस पेडल विकत घेतो, हे माझं जुनं निरीक्षण आहे. ते डॉक्टरांनाही मान्य आहे, फक्त स्वतःच्या बाबतीत नाही.

या बोलण्यात कधीतरी लिओ फेंडरचा विषय निघतोच, आणि सगळ्यांचे चेहरे खुलतात. हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ. १९५४ साली त्याने स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली आणि जगातल्या निम्म्या पोरांना वेड लावलं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. हौशी माणसाला याहून मोठा दिलासा कुठला? आमचे बेसवाले बँकेतून निवृत्त झालेत. ही गोष्ट ते दर तालमीला सांगतात आणि मग चुकीच्या स्वरावर बिनधास्त उतरतात.

आमच्या पिढीला बिघडवलं ते मात्र फेंडरने नव्हे, पडद्याने. १९७३ च्या ‘यादों की बारात’मध्ये तारिक गिटार घेऊन उभा राहिला, १९८८ मध्ये ‘कयामत से कयामत तक’मध्ये आमिर खान. पडद्यावरच्या बऱ्याच हिरोंच्या गिटारला वायरच नसायची, पण तेव्हा ते कोणाच्या लक्षात यायला? खरी बोटं स्टुडिओत असायची. ज्या भूपिंदर सिंगांना लोक गझलांसाठी आठवतात, तेच आर. डी. बर्मनच्या वाद्यवृंदातले गिटारिस्ट. १९७१ च्या ‘दम मारो दम’मधली गिटार त्यांची. आमच्यातला प्रत्येकजण ते सुरुवातीचे स्वर कधी ना कधी वाजवून बसलेला आहे, आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतं.

पण टेबलाशी बसून कितीही वाजवलं तरी ही गिटार भुकेलीच राहते. तिला मोठा अॅम्प हवा, ड्रमवाला हवा, समोर माणसं हवीत. आणि आमच्यासारख्यांच्या वाट्याला माणसं येतात ती गणपतीत. सोसायटीचा मांडव, विविध गुणदर्शनाची संध्याकाळ. आरती, मग छोट्यांचे नाच, वेशभूषा स्पर्धा, बक्षीस समारंभ, देणगीदारांचे सत्कार, आणि ‘आता आपल्याच इमारतींमधले कलाकार’ ही घोषणा होते तेव्हा पावणेदहा वाजलेले असतात. दहाला लाउडस्पीकर बंद. सचिवांनी घड्याळ मनगटावरून काढून हातातच धरलेलं असतं.

त्यात प्लग लावल्या लावल्या स्पीकरमधून घूं सुरू होते. मांडववाल्याने कुठून कुठून ओढून आणलेल्या विजेची ती घरघर. तारांवर हात ठेवला की ती दबते, हात उचलला की पुन्हा घूं. म्हणून निवेदिका आमची ओळख करून देत असते तेव्हा आम्ही सगळे तारांवर पंजा टेकवून मख्खपणे उभे असतो. लोकांना वाटतं, मंडळी ध्यान लावतायत. अर्थिंग नसेल तर प्रकरण आणखी रंगतं. एक हात तारांवर आणि ओठ माईकला लागले, की असा चटका बसतो की गाणारा पहिलीच ओळ वरच्या सप्तकात घेतो. आता आम्ही माईकला स्पंजची टोपी घालतो आणि खिशात टेस्टर बाळगतो. तरीही चटका बसला, तर तो खरा कलाकार, असं बेसवाले म्हणतात.

मग ट्यूनिंग. सवाई गंधर्व महोत्सवात तानपुरे लागत असताना जी माणसं डोळे मिटून माना डोलावतात, तीच इथे अर्ध्या मिनिटात ‘चालू करा की हो!’ म्हणून ओरडतात. गिटारलासुद्धा सूर लावावा लागतो हे त्यांना पटत नाही. विजेवर चालते ना, मग बटण दाबलं की झालं!

आणि तरीही, ड्रमवाल्याने काठ्या चारदा वाजवल्या आणि सगळे एका दमात सुरू झाले, की पहिला कॉर्ड छातीवर येऊन आदळतो. हेडफोनमध्ये हे कधीच होत नाही. आवाज कानातून नाही, पायांखालच्या फळ्यांतून वर चढतो. समोर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी असतात, रोज लिफ्टमध्ये ‘पाणी आलं का हो?’ विचारणाऱ्या. त्या टक लावून बघत असतात, कारण मेंटेनन्सच्या बैठकीत कधी तोंड न उघडणारा माणूस पाय फाकवून उभा आहे आणि त्याच्या एका बोटाने अख्खा मांडव थरथरतोय. वाजवण्यात चुका होतात, भरपूर होतात. दुसऱ्या कडव्यानंतर डॉक्टर एक पेडल चुकून दाबतात आणि सोलो अंतराळातून आल्यासारखा येतो. पोरं शिट्ट्या मारतात. त्यांना वाटतं, असंच बसवलंय. डॉक्टर ते पेडल शेवटपर्यंत बंद करत नाहीत.

दहाला दोन मिनिटं असताना सचिव स्टेजच्या कडेला येऊन ‘आवाज जरा कमी’ अशी खूण करतात. ही खूण जगातल्या प्रत्येक गिटारिस्टला कळते आणि एकालाही दिसत नाही.

नंतर पार्किंगमध्ये सामान आवरताना कोणी कोणाचं कौतुक करत नाही. बेसवाले विचारतात, ‘मधल्या तुकड्यात कुठलं पेडल होतं रे?’ डॉक्टर गंभीरपणे कंपनीचं नाव सांगतात. मी केबल गुंडाळत असतो, आणि आमच्याकडे दरवर्षीप्रमाणे एक केबल जास्त भरते, जी कोणाचीच नसते. शेवटी ती डॉक्टर घेतात.