लिंक गेली की आनापान

उमरखेडमध्ये ध्यानाला बसायचं तर आधी ऋतू बघावा लागतो. मे महिन्यात पंख्याखालीही घामाच्या धारा लागतात. पावसाळ्यात वीज जाते आणि डास येतात. हिवाळ्यात ऊसतोड सुरू होते, म्हणजे दोन ट्रॉल्या आणि एक भलामोठा भोंगा घेऊन ट्रॅक्टर भल्या पहाटे डोक्यावरून गेल्यासारखा जातो. ध्यानाच्या ॲपमधली बाई मात्र ऋतू मानत नाही. ‘डोळे मिटा, समुद्राच्या लाटा ऐका,’ म्हणते. बाई, आमच्याकडे पैनगंगा आहे. उन्हाळ्यात तिच्या लाटा ऐकायच्या तर आधी ईसापूर धरणातून पाणी सुटावं लागतं.

मी बँकेत कॅशियर. आमच्या कर्मचाऱ्यांवर ताण आहे हे वरच्या कचेरीला कळलं, तेव्हा तो घालवण्यासाठी त्यांनी लगोलग विपश्यनेवर एक वेबिनार ठेवला. संध्याकाळी सातला, कॅश टॅली झाल्यावर. हजेरी सक्तीची.

या विद्येचा जगभरचा प्रसार एका हिशेबाच्या माणसामुळे झाला, हे तिथं कळलं आणि माझी मान जरा ताठ झाली. ऊ बा खिन १९४८ साली स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले. त्यांनी विपश्यना थेट कचेरीत आणली आणि १९५२ साली रंगूनला ध्यानकेंद्र काढलं. मंडालेत जन्मलेले उद्योगपती सत्यनारायण गोएंका मायग्रेननं हैराण होऊन १९५५ साली त्यांच्याकडे गेले, तर साहेबांनी आधी नकारच दिला. डोकं दुखतं म्हणून येणार असाल तर येऊ नका! खास महालेखापालाचं उत्तर: अर्जातलं कारण नियमात बसत नाही. पुढे गोएंका १९६९ साली भारतात आले आणि १९७६ साली इगतपुरीला धम्मगिरी सुरू झाली.

तिथं दहा दिवसांचं शिबिर असतं. पहाटे चारला घंटा, मोबाईल जमा, बोलायचं नाही. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, “दहा दिवस बोलायचं नाही? मग त्यासाठी इगतपुरीपर्यंत कशाला जायचं? घरात तुम्ही तेच तर करता.” मॅनेजर साहेबांनी रजेचा अर्ज वाचला आणि एक दीर्घ श्वास घेतला. श्वास बघण्याचं ध्यान म्हणजे आनापान; आमच्या शाखेतलं ते पहिलं.

मग घरीच पाटावर बसलो. तिथं गुरू भेटला तो सहावीतला चिरंजीव. शाळांमधून ‘मित्र उपक्रमा’त मुलांना आनापान शिकवतात, त्यामुळे तो या विषयातला जाणकार. “बाबा, श्वास ओढायचा नाही, नुसता बघायचा. आणि घोरायचं तर अजिबात नाही.”

पाटावरचं ध्यान वर्षानुवर्षं टिकवणारे लोक असतात. विदर्भात तर तुकडोजी महाराजांनी ध्यान आणि प्रार्थना दोन्ही सामुदायिक करून ठेवली. शेजारचा बसलेला दिसला की आपल्यालाही उठवत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असावं. पण आपण एकटे, कोपऱ्यात, डोळे मिटून. त्यात सासूबाई येऊन कपाळाला हात लावून बघतात. ताप आहे का?

खरी साधना मला सापडली ती बँकेच्या खिडकीमागे. नोटा मोजण्याचं मशीन आहे, पण हातानं मोजल्याशिवाय कॅशियरला चैन पडत नाही. मोजता मोजता मन हळदीच्या भावाकडे गेलं, की सत्तर झाले की ऐंशी? मग गड्डी पुन्हा एकपासून. आनापानाचा नियम तरी वेगळा काय? मन भटकलं, चिडू नका, पुन्हा श्वासावर या. फरक इतकाच, की तिथं ध्यान सुटलं तर कोणी विचारत नाही. इथं कमी पडलेली रक्कम कॅशियरच्या खिशातून जाते. मन एकाग्र करायला याहून कडक गुरू माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि वेळेचं म्हणाल तर तो सरकारी दरानं मिळतो. लिंक गेली, की रांगेत पन्नास माणसं आणि माझ्यापुढे पडद्यावर फिरणारं चाक. पूर्वी मी त्या चाकाला मनातल्या मनात शिव्या द्यायचो. आता त्याच्याबरोबर श्वास मोजतो.

परवा एक आजोबा आले. अंगठ्याच्या मशीनवर अंगठा उठेना. आयुष्यभर कापूस वेचून आणि विळा धरून रेषाच गुळगुळीत झालेल्या. त्यांनी अंगठा धोतराला पुसला, दाबला. मशीननं नाही म्हटलं. तोंडाची वाफ दिली, पुन्हा दाबला. पुन्हा नाही. मागून रांग कुरकुरली. मी नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघत बसलो.

“साहेब, डोये काहून मिटले? झोप आली का?”

“नाही बापू. दुसरं बोट लावून बघा.”

मधलं बोट चाललं. एरवी त्या दोन सेकंदांत मी ‘उद्या या’ म्हणून मोकळा झालो असतो. महालेखापालांनी ध्यान कचेरीत का नेलं, ते मला त्या मधल्या बोटावर समजलं.

तेव्हा सुरुवात करायची तर रोजचं एकच काम धरा, जे चुकवताच येत नाही: नोटा मोजणं, फाईल उघडणं, एसटीची वाट पाहणं. त्यालाच श्वास बांधून टाका. वेगळा पाट नको, वेगळी वेळ नको, समुद्र तर नकोच. ध्यानाला वेळ नाही म्हणणाऱ्यानं तालुक्यातल्या कुठल्याही खिडकीपुढे रांगेत उभं राहावं. तिथं वेळच वेळ मिळतो. आणि हे घरात मात्र कोणाला सांगू नका. सांगितलं, की पुढच्या भांडणात ‘एवढं ध्यान करता, मग चिडता कशाला?’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा.