नेहरूंचं आडनाव काय?

द्रमुकचे के. एन. नेहरू तिरुचिरापल्लीचे, तमिळनाडूत अनेकदा मंत्री झालेले. अलाहाबादच्या नेहरूंशी त्यांचं काडीचंही नातं नाही. नेहरू हे त्यांचं स्वतःचं नाव. त्यांच्याच पक्षात आर. गांधी आहेत. भारताच्या क्रिकेट संघात वॉशिंग्टन सुंदर आहे. तमिळनाडूत आणि केरळात गावस्कर हे पहिलं नाव असलेली माणसं भेटतात. त्यांच्या वडिलांनी रेडिओला कान लावून सुनीलच्या धावा मोजल्या असणार. ‘नाटू नाटू’चे ऑस्करविजेते गीतकार चंद्रबोस तेलुगू, आणि त्यांच्या नावातला बोस थेट बंगालचा.

तमिळनाडूत हे सहज घडलं, कारण तिथे आडनावाची जागा मुद्दाम रिकामी केली गेली. १९२९ साली चेंगलपट्टूला स्वाभिमान परिषद भरली आणि नावामागचं जातीचं शेपूट तोडायचं ठरलं. स्वाभिमान चळवळीचे प्रणेते पेरियार यांनी स्वतःचं ‘नायकर’ टाकून दिलं. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, मग आपलं नाव, संपलं. दिल्लीच्या नहरेकाठी राहणाऱ्या कौल पंडितांना ‘नेहरू’ चिकटलं होतं. कावेरीकाठी पोचेपर्यंत त्यातली जात गळाली आणि निव्वळ माया उरली. आडनावाची याहून मोठी बढती मला माहीत नाही.

आता आमचं इंदूर. बारशाला आत्या कुर्रर्र करून बाळाच्या कानात ‘मल्हार’ म्हणते. पेढा तोंडात पडायच्या आत शेजारच्या काकू पाहुण्यांकडे वळतात, ‘जोशी म्हणजे कोणते हो?’ त्या ‘कोणते’त सगळं आलं: पोटजात, गोत्र, घाटावरचे की कोकणातले. बाळाच्या गालावरची तीट अजून वाळलेली नाही आणि त्याची मोजणी सुरू!

हा प्रश्न मला कुठेही खुपतो, पण इंदुरात फारच. हे शहर ज्यांनी घडवलं त्या होळकरांचं आडनाव नीरेकाठच्या होळ गावावरून पडलं. मल्हाररावांनी ते तलवारीच्या बळावर मोठं केलं, अहिल्याबाईंनी कारभाराने. इथून तासाभरावर महू. तिथे १४ एप्रिल १८९१ला जन्मलेल्या मुलाचं घराणं सकपाळांचं, पण त्याचं आडनाव आलं मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावावरून. त्या आडनावात गाव होतं, जात नव्हती. आज महाराष्ट्राबाहेर, तमिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंत, आंबेडकर हे मुलाचं पहिलं नाव म्हणूनही ठेवलं जातं. महूलाही २००३ साली त्यांचंच नाव मिळालं. आपण मात्र थोरांची आडनावं टिळकनगरला आणि होळकर स्टेडियमला देऊन मोकळे झालो, आणि स्वतःची आडनावं ठेवली एकमेकांना जोखायला.

आडनावं टाका, असं मी म्हणत नाही. ज्याला आपल्या गावाचा, घराण्याचा लळा आहे त्याने ते जरूर लावावं. पण इंदूरच्या मराठी मंडळांनी वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवरचा पोटजातीचा रकाना यंदाच काढावा. आणि बारशाला गेलात तर बाळाचं नाव विचारा, तोंडभर आशीर्वाद द्या आणि पुढचा प्रश्न विचारू नका.