यंदा अगदी छोटंसं

श्रावणाचा शेवटचा आठवडा लागला की छोटेखानी काकांचे फोन सुरू होतात. "मी बोलतोय. रागावू नका हं, पण यंदा कोणालाच बोलवत नाहीये. अगदी घरच्या घरी, छोटंसं."

पलीकडचा माणूस गोंधळतो. काकांनी आपल्याला बोलवायला हवं होतं, हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. मागच्या वर्षी तो गेलेला नसतो, त्याच्या आदल्या वर्षीही नाही. काकांची आणि त्याची ओळख कधीतरी पासपोर्टच्या रांगेत झालेली असते. तरी बिचारा संकोचून म्हणतो, "छे छे, रागवायचं काय त्यात? गणपती असतो का तुमच्याकडे? किती दिवसांचा?"

"दीड."

"मग येतोच की दर्शनाला! गणपतीला बोलावणं कशाला लागतं?"

काका फोन ठेवतात आणि यादीत त्याच्या नावापुढे बरोबरची खूण करतात. कळवून झालं.

हे काका कुणाला ठाऊक नाहीत? कुणाचे ते सख्खे काका असतात, कुणाचे बँकेतले निवृत्त सहकारी, कुणाचे समोरच्या विंगेतले शेजारी. डोंबिवली, ठाणे, कोथरूड इथे त्यांची वस्ती दाट. गोव्यात मात्र ही जात फारशी फोफावत नाही. चवथीला तिथे सगळं कुटुंब मूळ घरी जमतं, माटोळी बांधतं आणि पन्नास माणसं जेवायला असली तरी त्याला कुणी गर्दी म्हणत नाही. छोटेखानी काका व्हायला वन बीएचकेच लागतो. देव्हारा, दिवाण, टीव्ही, सासूबाईंची आरामखुर्ची आणि त्यात मखर असा हॉल असला की माणसाच्या मनात साधेपणाचे विचार आपोआप येऊ लागतात.

काकांची यादी कालनिर्णयच्या पानामागे असते. मागे छापलेल्या पाककृतीच्या समासात ते दोन रकाने आखतात. पहिल्यात ‘बोलवायचे’: बहीण, मेहुणा, दोन भाचरं, चुलतभाऊ, मोजून अकरा माणसं. दुसऱ्यात ‘न बोलवायचे’. न बोलावल्याचं कुणाला वाईट वाटू नये म्हणून न बोलावल्याचं कळवायचं, असा काकांचा शुद्ध हेतू. पहिला रकाना वर्षानुवर्षं अकरावर थांबलेला आहे. दुसरा समास ओलांडून पाककृतीत शिरला आहे.

लग्नाला पत्रिका लागते, मुंजीला लागते. घरच्या गणपतीला मात्र ज्याच्या कानावर गेलं त्याने जायचं, अशीच महाराष्ट्रातली रीत आहे. त्यामुळे ‘आमच्याकडे गणपती आहे, पण येऊ नका’ या निरोपातला उत्तरार्ध कोणी ऐकतच नाही. कॅशियर म्हणून अख्खी हयात हिशेब जुळवण्यात काढलेल्या माणसाला हा एवढा हिशेब कसा जुळत नाही, हे कोडं आहे.

गर्दी आवरायला काकांनी उपाय काही कमी केलेले नाहीत. एका वर्षी त्यांनी व्हॉट्सअॅपवर मोजक्या लोकांना कळवलं, ‘दर्शन सायंकाळी ५ ते ७.’ मोजक्यांतल्या एकाने ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. एरवी सकाळपासून रात्रीपर्यंत दोघं-तिघं करत येणारी माणसं त्या दिवशी बरोबर पाच वाजता आली. चपला दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत गेल्या. मेहुणे घरी गेले ते कुणाच्या तरी लेडीज फ्लोटर्स घालून.

मग काकांनी मूर्तीवर मोर्चा वळवला. मूर्ती लहान तर कार्यक्रम लहान, असं त्यांचं गणित. दीड फुटाचा गणपती आधी फूटभर झाला आणि पुढे नऊ इंचांवर आला. पेणहून आलेली शाडूची सुबक मूर्ती, पण इतकी लहान की डोळे बघायला प्रत्येकाला वाकावं लागे. वाकला की गुडघा धरी, गुडघा धरला की वर यायला वेळ लागे. रांग होती त्याच्या दुप्पट लांबली.

लोकमान्यांनी १८९३-९४ च्या सुमारास गणपती घरातून चौकात आणला. (भाऊ रंगारींनी त्याआधीच आणला होता, असं मानणारे पुण्यात आहेत आणि त्या वादात पडणाऱ्याला संध्याकाळपर्यंत सुटका नाही.) चौकातला तो उत्सव काका एकहाती पुन्हा हॉलमध्ये ओढू पाहतात. २०२५ मध्ये शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला, त्या दिवशीही काकांनी दोन-चार जणांना फोन केलेच. "राज्याचं राज्य बघेल. आपलं मात्र यंदा छोटंसं."

या सगळ्यात काकू कुठे असतात? स्वयंपाकघरात. "यंदा दहा-बारा जणच हं," असं काका म्हणाले की काकू वाण्याला चाळीस जणांच्या हिशेबाने नारळ सांगतात. बारा म्हणजे चाळीस, हे कोष्टक त्यांनी संसाराच्या पहिल्या काही वर्षांतच पाठ केलं. एका नारळाच्या सारणात साधारण दहा-बारा मोदक होतात. उकड गरम असतानाच मळावी लागते, पारी हातावर फिरवत कळ्या काढाव्या लागतात आणि उकडीचे मोदक आदल्या दिवशी करून ठेवण्यातले नव्हेत. म्हणजे बाहेरच्या खोलीतून ‘बोलवत नाहीये’ असा एक फोन गेला की आतल्या खोलीत पाच-सहा मोदक वाढतात. वर अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, वरणभात आणि दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीची भाजी. रात्री शेवटचा पाहुणा गेल्यावर काका सोफ्यावर टेकून समाधानाने म्हणतात, "बघितलंस? किती आटोपशीर झालं!" त्या वेळी काकू मोदकपात्राच्या तळाला लागलेलं खरवडत असतात. साधेपणा काकांचा, मोदक काकूंचे, अशी ही कामाची वाटणी आहे आणि तिच्याविरुद्ध अजून कुणी आरती रचलेली नाही.

एवढं झाल्यावर काकांच्या बाजूचं एक सांगायला हवं. ते त्यांनी स्वतःहून कधी सांगितलेलं नाही. भाच्याशी बोलताना, "राजापूरची गाडी मिळाली का? पूर्वी चार महिने आधी बुकिंग उघडायचं, आता दोनच महिने, आणि तेही मिनिटांत संपतं," असल्या चौकशीत ते एकदा निसटून गेलं. काकांच्या लहानपणी राजापूर तालुक्यातल्या घरी पाळीचा गणपती यायचा. ज्या वर्षी त्यांच्या वडिलांची पाळी, त्या वर्षी ओसरीवर पंगतीमागून पंगत उठायची. काका पाणी वाढायचे. त्यांची आई आरतीला कधीच बाहेर नसायची, चुलीपाशी असायची. शेवटच्या पंगतीला ती बसे तेव्हा साडेचार वाजलेले असत आणि अळू संपलेलं असे. ‘आपल्या घरी असं होऊ द्यायचं नाही,’ हे काकांनी पाण्याचा तांब्या हातात धरूनच ठरवलं असणार. त्यावर त्यांना सुचलेला उपाय म्हणजे फोन. उकडीत स्वतः हात घालणं हा दुसरा उपाय होता. तो सुचायचा अजून बाकी आहे.

त्यांना हवा होता तसा गणपती त्यांना एकदाच मिळाला, २२ ऑगस्ट २०२० रोजी. त्या वर्षी शासनानेच सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत आणि घरगुती दोन फुटांपर्यंत ठेवायला सांगितलं होतं. काका नऊ इंचांवर आधीपासूनच बसलेले! लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला. सोसायटीत बाहेरच्यांना मज्जाव होता. काकांच्या घरी माणसं तीन: काका, काकू, सासूबाई. मोदक एकवीस. काकू आरतीला पदराला हात पुसत नव्हे, तर घडीची साडी नेसून उभ्या राहिल्या. साडेबाराला जेवणं झाली.

फक्त आरतीची पंचाईत झाली. पहिलं कडवं काकांनी खणखणीत म्हटलं आणि दुसऱ्यापाशी ते अडले. इतकी वर्षं त्यांनी टाळ्याच वाजवल्या होत्या. दुसऱ्या कडव्यापासून पुढचं सगळं तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीणबाई म्हणत, झांजा त्यांचे यजमान वाजवत आणि मंत्रपुष्पांजलीला बँकेतले सहकारी आवाज लावत. काकांच्या वाट्याला त्या गजरात ओठ हलवणं आलं होतं. शेवटी सासूबाईंनी आरामखुर्चीतून, मध्येच एखादी ओळ गाळत, आरती पुरी केली.

दुपारी काकांनी फोन हातात घेतला. सवयीने म्हणाले, "रागावू नका हं, यंदा कोणालाच बोलवलं नाही." पलीकडून उत्तर आलं, "हो काका, यंदा कुणीच कुणाला बोलवलं नाही." येतोच की, असं कुणी म्हणालं नाही. तरी काकांनी यादी पुरी केली. पासपोर्टच्या रांगेतल्या गृहस्थांशी तर ते बराच वेळ बोलले. मूर्ती कशी आहे, मखर कुठलं, मोदक किती झाले, सगळं सविस्तर. एकवीसपैकी अकरा मोदक उरले होते.

आता पुन्हा सगळं रुळावर आलं आहे. श्रावण संपत आला की कालनिर्णय खाली उतरतं, रकाने आखले जातात. फरक पडला आहे तो एवढाच की काका फोन लावायला बसले की काकू नारळ खवणं थांबवून दारात येतात आणि चष्मा लावून यादी तपासतात.

"तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीणबाईंना बोलवत नाही म्हणून कळवलंत का?"

"कळवतो की."

"आजच कळवा. आणि झांजा घेऊन यायला सांगा."