चि. वेप यास, अनेक उत्तम आशीर्वाद

चि. वेप,

तुला चिरंजीव म्हणतो आहे ते निव्वळ वयाच्या हिशेबाने. तुझा, म्हणजे ई-सिगारेटचा, जन्म चीनमधला, २००३ सालचा. त्या वर्षी मी दिवसाला बारा सिगारेटी ओढत होतो आणि ‘दिवाळीनंतर सोडणार’ होतो. ती दिवाळी अजून सरलेली नाही. पत्र उघडं लिहितो आहे, कारण बंद पाकिटातून तुझ्याशी काही देवघेव केली, तर मला वकील गाठावा लागेल.

तू आमच्या घरी आलास तो मँचेस्टरच्या भाच्याच्या बॅगेतून, पायमोज्यात गुंडाळलेला. ‘‘मामा, तिकडे सरकारच सांगतं, सिगारेट टाका आणि हे घ्या,’’ असं तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. तिथल्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०१५ मध्ये तू सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज दिला होता आणि २०२३ मध्ये दहा लाख सिगारेटवाल्यांना तुझे संच देण्याची योजनाही जाहीर झाली होती. पंच्याण्णव! मला दहावीला एकसष्ट होते. त्या आकड्याने मी असा हुरळलो, की उरलेल्या पाचांची चौकशी करायचं राहून गेलं. मामाला भाच्यानेच मामा बनवावं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

आईला तुझं नाव नीट ऐकू आलं नाही. ती समजली, मी वाफ घेतो आहे. ‘‘मग डोक्यावर टॉवेल घे की! आणि निलगिरीचे दोन थेंब टाक,’’ म्हणाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माउलीला काय सांगणार? दोन दिवस मी तिच्यासमोर खरोखर टॉवेल घेऊन बसलो. टॉवेलाखाली आंब्याचा वास कोंडला. ‘‘हापूस नाही हा,’’ असा निकाल तिने बाहेरूनच दिला.

तुझ्या बाजूने जे बोलायचं ते आधी बोलून टाकतो, म्हणजे उखाळ्यापाखाळ्या काढायला मोकळा. तुझ्यात काही जळत नाही. एक तार तापते, ग्लिसरीन आणि प्रॉपिलिन ग्लायकॉलचं पातळ मिश्रण तापून त्याचे तुषार होतात आणि त्यांच्याबरोबर निकोटिन छातीत उतरतं. तंबाखू जळत नाही म्हणून डांबर नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड नाही. सिगारेटच्या धुरात सात हजारांवर रसायनं असतात आणि त्यांतली सत्तरएक कर्करोगाला आमंत्रण देणारी. त्या पंगतीपुढे तुझं ताट खरंच साधं. पहिल्या आठवड्यात माझा सकाळचा खोकला निम्मा झाला. शर्टाचा वास गेला. बायकोने दोनदा हसून पाहिलं. त्यातलं एक हसू संशयाचं होतं, पण मी दोन्ही जमेस धरली.

आता तक्रार.

सिगारेटचा एक मोठा गुण मला तू भेटल्यावर कळला. ती संपते. पाच-सात मिनिटांत थोटूक उरतं, बोटाला ऊब लागते, माणूस चहाचे पैसे देतो आणि कामाला लागतो. तुला थोटूक नाही, राख नाही, त्यामुळे शेवटही नाही. दात घासण्याआधी तू, लिफ्टमध्ये तू, गॅलरीत कपडे वाळत घालताना तू, मध्यरात्री पाणी प्यायला उठलो तर उशीखाली तू. रात्री मोबाइलच्या शेजारी तुलाही चार्जिंगला लावायचो. दोघांपैकी कोणाची बॅटरी आधी संपेल याची धास्ती घेऊन झोपायचं. पूर्वी हिशेब होता. दहा, बारा, लग्नाकार्यात पंधरा. तुझे झुरके मोजणार कोण? बायकोने विचारलं, ‘‘आज किती झाल्या?’’ आणि मला उत्तर देता आलं नाही. खोटं बोलायलासुद्धा आधी खरा आकडा माहीत असावा लागतो.

यालाच आगीतून फुफाट्यात म्हणतात, असं एक मित्र म्हणाला. मी त्याला सुधारलं. तुझ्यात आगही नाही आणि फुफाटाही नाही. म्हणच लागू पडत नाही अशा जागी मी येऊन पडलो होतो.

शिवाय तुला माणसांत वावरायची सवय नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीवर पूर्वी जळता सुंभ टांगलेला असे. मान वाकवून त्याच्या निखाऱ्यावर सिगारेट पेटवायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे शाळेत पाठ केलं आणि कॉलेजात त्याच सुंभावर गिरवलं. आता तिथे दोरीला बांधलेला लायटर लोंबतो. टपरीवर माणूस केवळ धुरासाठी जात नाही, तो साहेबाला शिव्या घालायला, बदल्यांच्या बातम्या घ्यायला, नाहीतर उगाच दहा मिनिटं आभाळाखाली उभं राहायला जातो. तिथे मी तुला खिशातून काढलं, तर हिशेब खात्यातले एक म्हणाले, ‘‘काय हो, पेनड्राइव्ह चोखताय?’’ सगळे हसले. मीही हसलो आणि हसता हसता समोर आलेली सिगारेट घेतली. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

तिसऱ्या आठवड्यात वाटणी ठरली. घरी तू, टपरीवर ती. दोन डगरींवर पाय ठेवू नये म्हणतात, मी दोन्हींवर फुप्फुसं ठेवली. मग वाचनात आलं, की तुझा जन्मदाता होन लिक याचंही तेच. हा चिनी औषधतज्ज्ञ, बाप फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेला, स्वतःची सिगारेट सुटावी म्हणून त्याने तुला घडवलं. आणि पुढे २०१५ च्या सुमारास त्यानेच मुलाखतीत सांगितलं, की तो दोन्ही ओढतो. अरे, बापाला नाही सुटली, ती तू माझी सोडवणार?

तरी अन्याय नको. ब्रिटनमधल्याच ८८६ जणांवर केलेली एक चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. निकोटिनच्या गोळ्या, पट्ट्या वगैरे वापरणाऱ्यांपैकी वर्षअखेरीस ९.९ टक्क्यांची सिगारेट सुटली होती, तुझ्या आधाराने चाललेल्यांपैकी १८ टक्क्यांची. म्हणजे जवळपास दुप्पट. टाळ्या. पण तुझ्यामुळे सुटलेल्यांतले ऐंशी टक्के वर्षानंतरही तुलाच धरून होते, आणि गोळ्या-पट्ट्यांनी सुटलेल्यांत त्या चालू ठेवणारे फक्त नऊ टक्के. धर्मशाळेत एक रात्र उतरायला गेलेला वाटसरू तिथेच रेशनकार्ड काढतो, तसलं हे.

आणि आता तुझा कायदा. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून तुझ्यावर बंदी घातली, डिसेंबरात संसदेने तिचा कायदा केला. तुझं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण, जाहिरात, सगळं गुन्हा. पहिल्या खेपेला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसत्या साठ्यालाही सहा महिन्यांपर्यंत. तुला ओढण्याला मात्र त्या कायद्यात शिक्षा लिहिलेली नाही. म्हणजे तू माझ्या तोंडात असलास तर हरकत नाही, तू तिथपर्यंत पोचलास कसा एवढाच प्रश्न. कोवळ्या पोरांना तुझं वेड लागू नये म्हणून ही बंदी, आणि ते कारण मला मनापासून पटतं. मला एवढंच कळत नाही, की जी खरोखर माणसं मारते, ती त्याच कोपऱ्यावर, पाकिटाच्या ८५ टक्के भागावर भयंकर चित्र मिरवत, कर भरून, उजळ माथ्याने कशी विकली जाते. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या सिगारेटच्या विक्रीला बंदी केली. आमच्या टपरीला हे अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही. आणि मी ज्या सरकारी आयुर्विमा महामंडळाला आयुष्याचा हप्ता भरतो, ते देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचं बडं भागधारक आहे. जगलो तरी त्यांचा, ओढली तरी त्यांचाच.

आता मी तुला सोडायचं ठरवलं आहे. हा माझा सातवा प्रयत्न, आणि आधी ज्याच्या आधाराने सोडायची होती त्यालाच सोडण्याचा पहिला. औषधाच्या दुकानातून दोन मिलिग्रॅमची निकोटिनची चघळायची गोळी आणली आहे. थोडी चावायची, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची. आरशात पाहिलं तर दाढेखाली तंबाखूचा बार भरलेले आमचे आजोबाच दिसले. आणखी एक सांगतो. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत फोन आहे, १८००-११-२३५६. मी तो नंबर लावला. ‘‘कधी सोडताय, तारीख सांगा,’’ असं पलीकडच्या बाईंनी विचारलं. एकोणतीस वर्षांत मला कोणी तारीख मागितली नव्हती. मी ‘दिवाळी’ म्हणणार होतो, पण जीभ चावली आणि ‘सोमवार’ म्हणालो.

राहता राहिला तुझा प्रश्न. तुला भाच्याकडे परत धाडावं तर निर्यात. कोणाला द्यावं तर वितरण. स्कूटरच्या डिकीत घालून न्यावं तर वाहतूक. कचऱ्यात टाकावं तर पोटात लिथियमची बॅटरी, कचरेवाल्या ताईंच्या हातात पेट घ्यायचास. म्हणून तूर्त तू ड्रॉवरमध्ये, जुन्या चार्जरांच्या भेंडोळ्यात पड. ही साठवण आहे की नुसती आठवण, ते कायदेपंडितांनी ठरवावं. चार्जिंगची वायर मी बायकोकडे दिली आहे. तिने ती कुठे ठेवली, ते मी विचारायचं नाही आणि तिने सांगायचं नाही, असं ठरलं आहे.

कळावे,
तुझा मामा

ता. क. हे पत्र लिहायला पावणेदोन तास लागले. त्यात गोळ्या दोन, चहा दोन, सिगारेट एक. सोमवार परवा आहे.