साल सांगणारे काका

भंगाराच्या अड्ड्यात शिरल्यावर तुम्हाआम्हाला भंगार दिसतं. साल सांगणाऱ्या काकांना तिथे फक्त एक दरवाजा दिसतो. तोही अख्खा नाही, त्याची बिजागरी. तिच्याकडे मान वाकडी करून ते बघतात, जिभेने 'च्च' करतात आणि जाहीर करतात, "छप्पन-सत्तावन्न. डुक्कर फियाट."

कशावरून, असं विचारायचं नसतं. विचारलंत की काका खूश होतात आणि तुमचं जेवण टळतं. "पुढचा दरवाजा उघडून बघा. बिजागरी मागच्या बाजूला. म्हणजे दार उलटं उघडणार. चालत्या गाडीत उघडलं तर वाऱ्याने सपशेल मागे जाणार. आमच्या आत्याबाईंची छत्री अशीच गेली, बाबुलनाथला." आत्याबाईंची छत्री हा काकांच्या दृष्टीने ऐतिहासिक पुरावा असतो.

ही जमात निवृत्तीनंतर फुलते. पुण्यात ती बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात आढळते, मुंबईत कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या आसपास. अंगात अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत लोहचुंबक, जुना टूथब्रश, औषधाच्या बाटलीत थोडं रॉकेल आणि बॅटरी. लोहचुंबक पत्र्यावर फिरवायचा. चिकटला तर पत्रा, घसरला तर लांबी. एखाद्या मडगार्डवर तो चिकटायला जागाच सापडत नाही, तेव्हा काका खिन्न होऊन म्हणतात, "ही गाडी नाही हो, ही पुट्टी आहे." टूथब्रश आणि रॉकेल बोनेटखालच्या पट्टीसाठी. फायरवॉलवर रिव्हेटने ठोकलेली ती पट्टी गंजाने, ग्रीसने आणि तीन रंगांच्या थरांनी झाकलेली असते. पट्टीतून पहिला आकडा बाहेर येतो त्या क्षणी काकांचा चेहरा असा उजळतो की मुलाचा दहावीचा निकाल लागला तेव्हाही तो इतका उजळला नव्हता, असं त्यांच्या घरचेच सांगतात.

गाडीचा तपास ते स्थळाच्या चौकशीसारखा करतात. मूळ गाव कुठलं, घराणं कुठलं, मधल्या काळात कोणाकडे होती, आणि अंगावर जे आहे ते स्वतःचं की मागून आणलेलं. हा शेवटचा प्रश्न फार नाजूक. अँबॅसॅडरच्या बाबतीत तर त्याचं खरं उत्तर मिळतच नाही. १९५७ च्या सुमारास मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यातून निघालेली ही गाडी २०१४ पर्यंत बनत राहिली. मार्क वन, टू, थ्री, फोर, नोव्हा अशी नावं बदलली, पत्रा फारसा बदलला नाही. त्यामुळे एकीचं काहीही दुसरीला बसतं, आणि मिस्त्री लोकांनी ते मनसोक्त बसवलं. काका अशा गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालतात आणि सांगतात, "हिच्यात तीन गाड्या आहेत. जाळी मार्क फोरची, डिकी मार्क टूची, आणि स्टिअरिंग कुठल्या तरी ट्रकचं." मग हळूच पुढे जोडतात, "पण चासी अस्सल आहे हं."

पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांशी गाठ पडली की काकांना खरा रंग चढतो. ब्युइक असेल तर ते आधी भोकं मोजतात. १९४९ पासून ब्युइकच्या मडगार्डवर बाजूला गोल भोकं आली. साध्या मॉडेलला प्रत्येक बाजूला तीन, रोडमास्टरला चार. आता एखाद्या हौशी मालकाने चौथं भोक ड्रिलने पाडून गाडीला बढती दिलेली असू शकते, म्हणून काका त्या भोकात करंगळी घालून कडा चाचपतात. कंपनीची कड गुळगुळीत लागते. गॅरेजची कड करंगळी कापते. काकांच्या करंगळीला कायम बँडएड असतं ते त्यामुळे.

डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या तिघींनी काकांना आयुष्यभर दमवलं. परदेशी बाजारासाठी क्रायस्लरने प्लिमथचंच अंग घेऊन त्यावर डॉजचं किंवा डिसोटोचं तोंड बसवलं. एक डॉज किंग्जवे झाली, एक डिसोटो डिप्लोमॅट. फरक जाळीत आणि मोनोग्राममध्ये. भंगारात येईपर्यंत नेमक्या याच दोन गोष्टी चोरीला गेलेल्या असतात. बोनेटच्या टोकाला मागे राहतात स्क्रूची भोकं. त्यांतलं अंतर काका अंगठा आणि तर्जनी ताणून मोजतात आणि ठरवतात की इथे डॉजचा मेंढा होता की प्लिमथचं गलबत.

या गाड्या जुळल्या कुठे? कुर्ल्यातच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, तिचा कारखाना कुर्ल्याला होता. पुढे फियाटही तिथेच बनली, १९६४ ची डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी. काळीपिवळी पद्मिनी तर २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीला मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उतरली. वीस वर्षांची वयोमर्यादा भरलेल्या कित्येक टॅक्स्या त्याआधीच कुर्ल्यात येऊन कापल्या गेल्या. ज्या उपनगरात अंगावर पहिला रंग चढला, तिथेच गॅस कटर लागला. हे सांगताना काकांचा आवाज थोडा बसतो. तेवढ्यात कोणी तरी "कटिंग सांगू का?" असं विचारतं आणि काका दचकतात. चहाचं विचारतोय हे त्यांना जरा उशिरा कळतं.

अड्ड्याचा मालक, ज्याला सगळे चाचा म्हणतात, त्याचीही गाडी ओळखायची एक पद्धत आहे. तो वजन सांगतो. काकांनी "चौसष्टची असावी, पहिल्या लॉटमधली" असं म्हटलं की चाचा पानाची पिंक टाकून म्हणतो, "साडेआठसौ किलो." माझ्या मते या दोघांत चाचाच जास्त अचूक आहे, कारण त्याचा अंदाज काट्यावर तपासला जातो. काकांचा अंदाज तपासायला फक्त दुसरे काका असतात.

आणि दुसरे काका असतातच. एका अड्ड्यात दोन काका भेटले की अड्ड्याचा धंदा तासभर बंद. परवा एका विलायती मॉरिसवरून जुंपली. पहिल्या काकांनी डायनॅमोवरचा लुकासचा शिक्का घासून काढला. लुकासवाले आपल्या वस्तूवर महिना आणि साल ठोकायचे, त्यामुळे मामला मिटला असं वाटलं. शिक्का म्हणत होता सत्तावन्न. दुसरे काका मागच्या काचेपाशी गुडघ्यावर बसले. ट्रिप्लेक्स काचेवर कंपनीच्या नावाच्या अक्षरांभोवती बारीक ठिपके असतात, त्यांवरून काचेचं साल काढता येतं. ठिपके म्हणत होते एकसष्ट.

"काच बदलली असणार."

"डायनॅमो काय जन्मापासून तोच असतो?"

शेवटी चाचाच कंटाळला. त्याने गल्ल्याखालून कडा कुरतडलेलं आरसी बुक काढून पुढे टाकलं. त्यात साल होतं एकोणसाठ. दोघे काका एकदम म्हणाले, "ही नोंदणीची तारीख झाली, बनल्याची नव्हे," आणि दुप्पट जोमाने सुरू झाले.

काकांना लग्नकार्यात बोलवावं की नाही, हा प्रश्न ओळखीच्या घरांत पडतो. जुने अल्बम निघाले की बाकीचे आजोबा शोधतात, काका आजोबांच्या मागची गाडी बघतात. एका घरी, "हा फोटो एक्कावन्न सालचा, दादांच्या बारशाचा," असं कौतुकाने सांगितलं जात होतं. काका म्हणाले, "शक्य नाही. मागे डुक्कर फियाट आहे. ही गाडी फियाटने इटलीतच त्रेपन्न साली आणली." घरात शांतता पसरली. दादांनी आपलं वय दोन वर्षं जास्त सांगून नोकरी मिळवली होती की काय, इथपासून चर्चा सुरू झाली ती दादांच्या पेन्शनपर्यंत गेली. काका तोवर श्रीखंडाची दुसरी वाटी संपवत होते.

सरकारवर मात्र त्यांचा राग आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज ठरते, तिला 'व्हीए' असा वेगळा नंबर मिळतो, आणि नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात. जाणकारांच्या जुन्या व्याख्येत व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० च्या गाड्या. सरकारच्या हिशेबाने मात्र चौऱ्याहत्तरची पद्मिनीही आता व्हिंटेज होते हे कळल्यावर काका दुखावले. "अहो, तिच्यातून मी मीटर टाकून दादरला गेलोय!"

त्यांची स्वतःची गाडी? आहे ना, पांढरी, छोटी, गिअर नसलेली. तिचं साल त्यांना सांगता येत नाही आणि पीयूसी संपल्याचं हवालदाराकडून कळतं. जुनी गाडी त्यांनी कधीच विकत घेतलेली नाही, सोसायटीत जागा नाही म्हणून. दुसऱ्यालाही ते घेऊ देत नाहीत, पण ते नकळत. कोणी हौशी मुलगा चाचाशी किलोच्या भावात सौदा पक्का करत असतो, तेवढ्यात काका गाडीवर हात ठेवून म्हणतात, "अरे, ही फार दुर्मीळ आहे!" चाचाचे कान टवकारतात. संध्याकाळपर्यंत त्या गाडीवर खडूने 'रेअर' असं लिहिलेलं असतं आणि किंमत तिप्पट.

तरीही, तुमच्या वाड्यात किंवा आजोळच्या गोठ्यात ताडपत्रीखाली एखादं धूड उभं असेल, तर चाचाच्या आधी काकांनाच बोलवा. त्याआधी आरसी बुक शोधून ठेवा, बोनेटखालची पट्टी कोणी उचकटलेली नाही ना ते बघा. गाडी विकायची आहे असं काकांना सांगू नका. नुसतं म्हणा, "काका, साल काही लागत नाही हो." ते फुकट येतील, रॉकेल स्वतःचं आणतील. तुम्ही फक्त जेवणाचं आधी उरकून घ्या.