चोवीसपट हरीण

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून मराठी माणसाच्या नेमबाजीला जत्रेतले फुगे तेवढे उरले. माझीही पूर्वतयारी तेवढीच. पण टेक्सासात घर घेतलं, शेजारच्या म्हाताऱ्याने नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला येतोस का विचारलं आणि मी हो म्हणून बसलो. .३०८ची रायफल तो देणार होता. "स्कोप तुझा तू आण. तीन-ते-नऊ बाय चाळीस घे, फार डोकं लावू नकोस."

आता, डोकं न लावता वस्तू घेणं आमच्या घराण्यात नाही. एका मिक्सरसाठी वडिलांनी अख्खा लक्ष्मी रोड पालथा घातला होता. मीही अभ्यासाला बसलो. शंभर यार्डांवर एक एमओए म्हणजे इंचाहून किंचित जास्त, एक मिल म्हणजे ३.६ इंच. रेटिकल पहिल्या फोकल प्लेनमध्ये असलं तर झूमबरोबर मोठं होतं, दुसऱ्यात असलं तर आहे तेवढंच राहतं. हे सगळं मी बायकोला ऐकवलं. पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "हरीण किती लांब असणार?"

"साठेक यार्ड."

"मग?"

असले प्रश्न मनावर घ्यायचे नसतात. उद्या हजार यार्डांवर मारायची वेळ आलीच तर? मी सहा-ते-चोवीस बाय पन्नास घेतला. म्हाताऱ्याने तो हातात तोलून पाहिला आणि हवापाण्याविषयी बोलू लागला.

रेंजवर पहिली गोळी चार इंच डावीकडे गेली. एका क्लिकला पाव इंच, म्हणजे सोळा क्लिक. हिशेब तोंडपाठ होता. नॉबवरचा 'आर'चा बाण गोळी कुठे सरकणार ते दाखवतो. मी समजलो, आतली फुली सरकते. म्हणून उलटं फिरवलं. गोळी आठ इंच डावीकडे. कमी पडलं वाटून आणखी फिरवलं, तेव्हा गोळीने कागदच सोडला. ती कुठे गेली ते पाहायला मी डोळा पुढे नेला. डोळा आणि काच यांत साडेतीन-चार इंच अंतर ठेवायचं असतं, कारण रायफल मागे येते. पुढच्या गोळीला ती आली. भुवईवर रक्ताची सुबक अर्धगोल खूण उमटली.

"चंद्रकोर मधोमध लावतात," बायको म्हणाली.

शिकारीच्या दिवशी मी मचाणात एकटाच. म्हातारा टेकाडापलीकडच्या मचाणात. हरणं निघतात तिन्हीसांजेला, आणि इथे चौथीतला भागाकार आडवा आला. पुढच्या भिंगाचे पन्नास मिलिमीटर भागिले चोवीस पट, म्हणजे स्कोपमधून डोळ्यात शिरणारी उजेडाची तिरीप जेमतेम दोन मिलिमीटरची. अंधारू लागलं की बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडते, ती उपाशीच. म्हाताऱ्याचा चाळिसाचा जुना स्कोप चारावर लावलेला. त्याला दहा मिलिमीटर.

हरीण आलं. मक्याच्या फीडरखाली, बरोब्बर साठ यार्डांवर. चोवीसपटीला तिथे अडीच फुटांचा गोल दिसतो, आणि तो गोल तपकिरी झाला. धूसर तपकिरी, कारण पॅरॅलॅक्सचा नॉब शंभर यार्डांवरच राहिला होता. डोकं शोधायला रायफल डावीकडे नेली तर फीडरचा पाय आला, उजवीकडे नेली तर ओकची पानं, पुन्हा मध्ये आणली तर केस. झूम कमी करायचं कडं नवंकोरं, घट्ट. ते फिरेपर्यंत गोलात फक्त मका होता.

काळोख पडल्यावर म्हातारा पिकअप घेऊन आला. "इथून गेलेला नर पाहिलास? शिंगं काय होती!"

"शिंगांपर्यंत पोचलो नाही," मी म्हणालो.