मायनस टू काका

काकांना तुम्ही ओळखता. पुण्यात प्रत्येक सोसायटीत असे एक असतातच. लॅपटॉपवर पेंग्विनचा स्टिकर, अंगात कुठल्याशा जुन्या परिषदेत फुकट मिळालेला टी-शर्ट, आणि "कसे आहात?" विचारलं की उत्तर, "कालच कर्नल अपडेट केला." विंडोजचं नाव ते घेत नाहीत. "तुमचं ते," म्हणतात.

त्यांचं खरं नाव पाटीवर आहे, पण आम्ही त्यांना मायनस टू काका म्हणतो. लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे त्याच्या गाभ्याने, एखादी फाइल मागितली आणि ती जागेवर नसली, की तो नोंदीत 'एरर -२' असं लिहितो. अर्थ एवढाच की अशी फाइल इथे नाही. हे दोन शब्द काकांनी मशीनमधून काढून संसारात आणले. लिफ्टचं बटण दाबलं आणि लिफ्ट आली नाही? मायनस टू. पेपरवाल्याने पुरवणी टाकली नाही? मायनस टू. एका लग्नाला आम्ही पत्रिकेवरचा पत्ता धरून गेलो, तर कार्यालयाच्या जागी गाड्यांची शोरूम. मी आहेराचं पाकीट हातात धरून घाम पुसतोय, आणि काका मात्र हर्षभराने, "शुद्ध मायनस टू!"

पण हा शब्द ते वाटेल तसा वापरू देत नाहीत. एकदा काकू म्हणाल्या, "साखरेच्या डब्यात रवा निघाला, तुमचं ते मायनस टू." काका वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "नाही. फाइल आहे, आतला मजकूर चुकीचा आहे. हा वेगळा बग." काकूंनी रव्याचाच चहा द्यायची धमकी दिली.

त्यांचं खरं प्रेम सिमलिंकवर. सिमलिंक म्हणजे अशी फाइल, जिच्या पोटात दुसऱ्या फाइलच्या पत्त्याखेरीज काहीच नसतं. पत्त्यावरची फाइल गेली तरी सिमलिंक तशीच उभी. एकदा लक्ष्मी रोडच्या मागच्या बोळात त्यांनी मला हाताला धरून नेलं. बंद शटरवर पाटी होती : 'दुकान समोरील इमारतीत हलवले आहे. येथे चौकशी करू नये.' समोर पुनर्विकासाचा खड्डा. काकांनी तीन कोनांतून फोटो काढले. "लटकती सिमलिंक," ते म्हणाले, "आणि वर एरर मेसेजसुद्धा उद्धट."

मी हे सगळं हसून सोडत होतो, तो माझ्यावर वेळ आली. रविवारी रात्री लॅपटॉप अपडेट केला आणि वायफाय गेलं. सोमवारी सकाळी नऊला मीटिंग. रात्री अकराला काका बनियन-पायजम्यात, गळ्यात नेटवर्कची केबल स्टेथोस्कोपसारखी टाकून हजर.

"वायफायच्या चिपला रोज सकाळी कोरी पाटी," त्यांनी सुरुवात केली. बऱ्याच चिप स्वतःचं सॉफ्टवेअर लक्षात ठेवत नाहीत. मशीन सुरू झालं की कर्नलने ते, म्हणजे फर्मवेअर, डिस्कवरून उचलून चिपला भरवायचं. अशा असंख्य कंपन्यांच्या फाइली लिनक्सवाल्यांनी एका गठ्ठ्यात बांधल्यात. गठ्ठ्यात 'व्हेन्स' नावाची यादी असते. कुठली फाइल कुठून आली, तिचा परवाना काय, आणि कुठलं नाव कुठल्या फाइलकडे बोट दाखवतं, हे सगळं तिच्यात. तीच वाचून सिमलिंका तयार होतात. (२०२३ साली 'डेबियन' या लिनक्सच्या अवताराची बारावी आवृत्ती येईपर्यंत हे फर्मवेअर डेबियनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये नसायचं. वायफायसाठी फर्मवेअर उतरवायचं आणि ते उतरवायला वायफाय हवं. काका हे तुकारामांच्या अभंगासारखं डोळे मिटून सांगतात.)

त्यांनी फोल्डर उघडलं. एक नाव लालभडक. काकांचा चेहरा उजळला. जागा वाचावी म्हणून पॅकेज बांधणाऱ्याने फाइली दाबून लहान केल्या होत्या, त्यामुळे प्रत्येकीच्या नावाला 'एक्सझेड' असं शेपूट लागलं. सिमलिंक मात्र बिनशेपटाच्या जुन्या नावाकडे बोट दाखवत उभी. एका ओळीची आज्ञा, नवी लिंक, मशीन बंद-चालू, वायफाय हजर. दहा मिनिटं.

मी चहा ठेवला. काका म्हणाले, "ठेव. आता रिपोर्ट करू."

"चाललं ना काका!"

"तुझं चाललं. हेच कार्ड असलेला ब्राझीलमधला कुणीतरी आत्ता डोकं धरून बसला असेल."

मग दीड वाजेपर्यंत तो रिपोर्ट. आवृत्ती कोणती, कार्ड कोणतं, कर्नल काय बोलला, लिंक कुठे बघतेय. तीव्रता 'ग्रेव्ह' लिहावी की 'इम्पॉर्टंट', यावर ते स्वतःशीच वीस मिनिटं भांडले. पाण्याच्या टाकीबद्दल सोसायटीला दिलेल्या अर्जातही त्यांनी तीव्रतेचा रकाना आखला होता, तेव्हा मी गप्प बसलो. चार चहा झाले. चिडायचं मी ठरवलं होतं, पण कधीच न भेटणाऱ्या त्या ब्राझीलवाल्यासाठी हा माणूस चष्मा पुसून पुसून स्पेलिंग तपासत होता. तेवढ्यात माझी चीड मायनस टू झाली.

काही आठवड्यांनी दुरुस्ती आली. बदलाच्या नोंदीखाली 'रिपोर्टेड बाय' आणि पुढे काकांचं नाव. ते पान त्यांनी छापून फ्रेम केलंय. दिवाणखान्यात, नातवाच्या मुंजीच्या फोटोशेजारी. परवा ते जवळून पाहिलं आणि दचकलो. आडनावातलं एक अक्षर गळालंय. दुकानाच्या पाटीवरची वेलांटी चुकली तर मालकाला खाली उतरवणारा हा माणूस!

"काका, हे दुरुस्त करायला नाही सांगितलंत?"

"नाही." फ्रेमची धूळ त्यांनी पंच्याने पुसली. "एकदा नोंद झाली की तिच्यावर पुढच्या सगळ्या नोंदींचे हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारे ठसे, उभे राहतात. माझं अक्षर बदललं तर त्या सगळ्या बदलतील. उगाच लोकांना कशाला त्रास?"

आणि स्वयंपाकघराकडे वळून ओरडले, "अगं, चहाचं काय झालं? मायनस टू का?"